न दिसलेल्या फटींचा हिशोब

पीएचडीच्या पहिल्या वर्षी लॅब मीटिंगमध्ये मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की आपला रिसेप्टर (पेशीच्या पडद्यातलं, रसायन चिकटलं की उघडणारं प्रथिनाचं दार) एकदा उघडला की सरासरी ४ मिलिसेकंद उघडा राहतो. आलेखही देखणा होता. एकच घातांकी वक्र आणि त्यावर सगळे खांब शिस्तीत बसलेले. मागे बसलेल्या सिनिअर ताईने फक्त एवढंच विचारलं, "फिल्टर किती ठेवला होतास?" मी म्हटलं, २ किलोहर्ट्झ, म्हणजे त्याहून वेगाचे चढउतार गाळले होते. ती हसली नाही. वहीत काहीतरी खरडलं आणि वही माझ्याकडे सरकवली. त्यात लिहिलं होतं: "९० मायक्रोसेकंदांच्या आतलं सगळं गेलं." खरा आकडा १.४ मिलिसेकंदांच्या आसपास होता.

आता मी स्वतःच सिनिअर झाले आहे. पुण्यात, तळघरातल्या एका खोलीत माझी रिग, म्हणजे प्रवाह मोजायची मांडणी, आहे. दर उन्हाळ्यात एमएस्सीची मुलं प्रोजेक्टला येतात आणि तोच खड्डा शोधून त्यात पडतात. दरवर्षी तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून एकदाच लिहून ठेवते. पॅच (काचेच्या पिपेटने पकडलेला पेशीच्या पडद्याचा तुकडा) कसा लावायचा हे यात फारसं नाही, ते हाताला सवयीनेच येतं. रेकॉर्डिंग हातात आल्यावर त्यातून चॅनलच्या, म्हणजे रिसेप्टरमधल्या त्या दाराच्या, उघडझापीचे वेग कसे काढायचे, हे आहे.

उदाहरण माझ्या रोजच्या कामातलंच घेते: स्नायूवरचा, ॲसिटिलकोलीन हे रसायन चिकटलं की उघडणारा ॲसिटिलकोलीन रिसेप्टर. जिवंत पेशीच्या पडद्यातल्या एका चॅनलचा प्रवाह जगात पहिल्यांदा मोजला गेला तो याच रिसेप्टरचा. १९७६ मध्ये नेहेर आणि साकमान यांनी बेडकाच्या स्नायूवर तो मोजला, आणि १९९१ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आम्ही मानवी रिसेप्टरची जनुकं एचईके (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी) पेशींमध्ये घालतो आणि पिपेटमध्येच १०० नॅनोमोलरच्या आसपास ॲसिटिलकोलीन भरून पेशीला चिकटतो. पेशीच्या पडद्यावर सुमारे वजा १०० मिलिव्होल्ट असले की चॅनल उघडताना ६ पिकोॲम्पिअरच्या घरातली पायरी दिसते.

कागदावर आधी यंत्रणा काढा. रिसेप्टरला ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू चिकटतात. दोन्ही चिकटलेले असताना तो बंद असतो, आणि तिथून त्याला दोन वाटा असतात. बीटा या वेगाने तो उघडतो, नाहीतर दोनपैकी एक रेणू सुटून जातो. उघडलेला असला तर अल्फा या वेगाने मिटतो. उघडण्याआधी चिकटणं ही वेगळी पायरी आहे, हा विचार १९५७ मध्ये देल कास्तियो आणि कॅट्झ यांनी मांडला, तेव्हा एकटा चॅनल कुणी पाहिलेलाही नव्हता.

पाठ करायचा नियम एकच. कुठल्याही अवस्थेत राहण्याचा सरासरी काळ म्हणजे १ भागिले तिथून बाहेर पडण्याच्या सगळ्या वेगांची बेरीज. उघड्या अवस्थेतून बाहेर पडायला एकच दार आहे, म्हणून सरासरी उघडा काळ = १ ÷ अल्फा. दोन रेणू चिकटलेल्या बंद अवस्थेला दोन दारं आहेत, म्हणून तिथला सरासरी काळ = १ ÷ (बीटा + सुटण्याचा एकूण वेग). दोनपैकी कुठलाही रेणू आधी सुटू शकतो, म्हणून सुटण्याचा एकूण वेग एका रेणूच्या वेगाच्या दुप्पट धरायचा. हा दुपटीचा मुद्दा दरवर्षी कुणीतरी विसरतं.

रेकॉर्डिंग करतानाच ठरतं ते

बंद अवस्थेतून चॅनल बहुतेक वेळा पुन्हा उघडतो. त्यामुळे एका रेणूजोडीच्या मुक्कामात तो दोन-तीनदा उघडतो, आणि मध्ये २० मायक्रोसेकंदांच्या फटी पडतात. या सगळ्या झुबक्याला बर्स्ट म्हणतात. तुमच्या फिल्टरला त्या फटी दिसत नसतील, तर आख्खा बर्स्ट तुम्हाला एकच लांब उघडं दार वाटेल. माझे ४ मिलिसेकंद म्हणजे ते होते. अकोल्यात आमच्या घरी रात्री लाइट डोळ्याचं पातं लवेपर्यंत जाऊन यायची. कुणालाच कळायचं नाही, पण सकाळी टेबलावरच्या घड्याळात १२:०० लुकलुकत असायचं. चॅनलच्या ट्रेसमध्ये (प्रवाहाच्या रेघेत) असं घड्याळ नसतं, ते तुम्हालाच गणिताने बसवावं लागतं.

गॉसियन फिल्टरसाठी आकडे सरळ आहेत. ५० टक्क्यांचा उंबरठा धरला (पायरीची अर्धी उंची ओलांडली तरच घटना मोजायची), तर जेमतेम दिसणाऱ्या घटनेची लांबी = ०.१७९ ÷ फिल्टरची कटऑफ वारंवारता. २ किलोहर्ट्झला ९० मायक्रोसेकंद, ५ किलोहर्ट्झला ३६, १० किलोहर्ट्झला १८. आता २० मायक्रोसेकंद सरासरीच्या फटींपैकी ९० च्या पुढे किती जातात? ई चा घात वजा ४.५, म्हणजे शंभरात एक. माझ्या पहिल्या डेटामध्ये ९९ टक्के फटी नव्हत्याच! १० किलोहर्ट्झला ३० मायक्रोसेकंदांची फट तिच्या खऱ्या उंचीच्या सुमारे ७४ टक्क्यांपर्यंत पोहोचते. तळाला टेकत नाही, पण ओळखू येते. स्क्रीनवर ती करवतीच्या एका दातासारखी दिसते: वरची रेघ चालू आहे, मध्येच एक टोकदार खाच आणि परत वर.

फिल्टर बेसेलच वापरा, तो जवळजवळ गॉसियनसारखा वागतो. बटरवर्थ पायरीच्या कडेला लाटा उठवतो आणि त्या लाटा फटींसारख्या दिसतात. ॲम्प्लिफायरचा फिल्टर आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये लावलेला फिल्टर यांचा एकत्र परिणाम मोजायचा असतो. व्यस्तांच्या वर्गांची बेरीज करायची. १० किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करून नंतर ३ चा लावलात, तर प्रत्यक्षात २.८७ मिळतो. सॅम्पलिंग कटऑफच्या निदान दहापट ठेवा, म्हणजे १० ला १०० किलोहर्ट्झ. हार्ड डिस्क स्वस्त आहे, तिथे काटकसर नको.

मग फिल्टर उघडाच का ठेवू नये? कारण नॉइज, म्हणजे सिग्नलमधली खरखर. उंबरठा ३ पिकोॲम्पिअरवर आहे असं धरा. आरएमएस नॉइज (खरखरीची सरासरी उंची) ०.५ असेल तर गुणोत्तर ६, आणि खोट्या घटनांचा दर ढोबळमानाने कटऑफ × ई चा घात (वजा गुणोत्तराचा वर्ग भागिले दोन). १० किलोहर्ट्झला हा येतो दोन तासांत एखादी. पण नॉइज ०.७५ वर गेला की गुणोत्तर ४, आणि दर एकदम सेकंदाला तीनाच्या वर! दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन हजार खोट्या खाचा. पुढे तुम्हाला दिसेल की खऱ्या, दिसलेल्या फटी मला चारशेच मिळतात. पाव पिकोॲम्पिअरने एवढा घोळ होतो.

म्हणून नॉइजसाठी भांडा. जाड भिंतीची काच, टोकाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं सिलगार्ड (सिलिकॉनचा लेप), मग टोक तापवून गुळगुळीत करणं. डिशमध्ये द्रावण कमी ठेवा, पिपेट जितकी कमी बुडेल तितकं बरं. सील, म्हणजे काच आणि पेशी यांची घट्ट पकड, १० गिगाओहमच्या खाली असेल तर पॅच सोडून द्या. जीव तुटतो, पण सोडा. पिपेटचा होल्डर रोज कोरडा करा. पावसाळ्यात आमच्या तळघरात हेडस्टेजपाशी (पिपेटला जोडलेल्या ॲम्प्लिफायरच्या पहिल्या भागापाशी) दमट हवा बसते, आणि जुलैत दोन आठवडे माझा नॉइज उगाचच चढलेला असतो. ५० हर्ट्झची गुणगुण आली तर एकेक प्लग काढत जा. आमच्याकडे दोषी निघाला होता कुणाच्या तरी मोबाइलचा चार्जर, रिगभोवतीच्या धातूच्या पिंजऱ्याच्या मागच्या सॉकेटमध्ये विसरलेला. गणपतीच्या आधी महिनाभर संध्याकाळी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की टेबल हवेवर तरंगतं असूनही सील तुटतात. त्या महिन्यात मी पहाटे येते. त्यावर अजून तरी उपाय सापडलेला नाही.

पायऱ्या मोजणं

आता ट्रेसचं उघडा-बंद अशा यादीत रूपांतर करायचं. प्रत्येक मुक्कामाची लांबी आणि तो उघडा की बंद, बस. अर्ध्या उंचीचा उंबरठा हा सोपा मार्ग. पायरीच्या आकारावर वक्र बसवत जाणं हा वेळखाऊ मार्ग. दुसऱ्यात बारीक फटी जास्त विश्वासाने मोजता येतात, पण दहा मिनिटांच्या फाइलला आख्खा दिवस जातो. मुलांना मी पहिल्या फाइलला तो दिवस घालवायला लावते. डोळ्यांनी हजार खाचा बघितल्याशिवाय सॉफ्टवेअर कधी थापा मारतंय हे कळत नाही.

बेसलाइन सरकत असेल तर ती आधी सपाट करा. कुठेही दोन पायऱ्या एकावर एक चढल्या, म्हणजे दोन चॅनल एकदम उघडले, तर तो तुकडा टाकून द्या. ॲसिटिलकोलीन इतकं कमी ठेवण्याचं कारणही हेच, की बर्स्ट एकमेकांपासून लांब पडावेत. पॅचमध्ये चॅनल किती आहेत हे आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे दोन बर्स्टच्या मधल्या लांब रिकाम्या जागा फारशा कामाच्या नाहीत. बर्स्टच्या आतलं मात्र एकाच चॅनलचं असतं, आणि आपला सगळा माल तिथेच आहे.

यादी झाली की तिच्यावर एकसारखं रिझोल्यूशन, म्हणजे मोजायच्या घटनेची किमान लांबी, लादा. मी ३० मायक्रोसेकंद धरते. त्याहून लहान जे काही असेल ते शेजाऱ्यात विलीन करायचं, मग ते डोळ्यांना कितीही खरं वाटो. हे मुलांच्या जिवावर येतं. "मॅडम, ही तर स्पष्ट दिसतेय!" दिसतेय, पण तिच्यासारख्या बाकीच्या दिसल्या का, हे माहीत नाही. अर्धवट पकडलेल्या आकारातल्या घटना ठेवल्या तर पुढची दुरुस्ती करताच येत नाही. कुठे रेघ मारली हे नक्की माहीत असेल तरच पलीकडे किती होतं ते काढता येतं.

आलेखाचं म्हणाल तर आडवा अक्ष लॉग, उभा अक्ष वर्गमूळ. सिगवर्थ आणि साइन यांनी १९८७ मध्ये दाखवलेली ही पद्धत. एरवी बंद काळ २० मायक्रोसेकंदांपासून कित्येक सेकंदांपर्यंत पसरलेले असतात आणि साध्या आलेखात एका कोपऱ्यात चेंगरतात. लॉगवर प्रत्येक घातांकी घटकाचा एक उंचवटा होतो आणि त्याचं शिखर बरोबर टाऊवर, म्हणजे त्या घटकाच्या सरासरी काळावर, येतं. बंद काळांचा आलेख काढलात की डावीकडे अर्धी कापलेली टेकडी आणि उजवीकडे शेकडो मिलिसेकंदांपाशी मोठा डोंगर दिसेल. मध्ये मिलिसेकंदाच्या आसपास एक छोटं टेंगूळही असतं. ते इथल्या सोप्या यंत्रणेत बसत नाही, पण लपवू नका.

उंचवटे मोजून अवस्थांची किमान संख्या मिळते. उघड्या काळात दोन घटक असतील तर उघड्या अवस्था निदान दोन. कमाल किती, ते मात्र आलेख सांगत नाही. तिसरा घटक घातल्यावर फिट सुंदर होतंच, चौथ्याने आणखी होतं. तिथे थांबायचं भान तुमचं.

एका फाइलचा हिशोब, हाताने

आता कॅल्क्युलेटर घ्या. दहा मिनिटांची एक फाइल, आकडे थोडे गोल केलेत.

आधी बर्स्ट कुठे संपतो ते ठरवायचं. छोट्या फटींचा टाऊ ०.०२ मिलिसेकंद, लांब जागांचा ५००. छोट्या फटी चुकून लांब ठरण्याची टक्केवारी आणि लांब जागा चुकून छोट्या ठरण्याची टक्केवारी समान होईल अशी रेघ शोधली, तर ती ०.१६ मिलिसेकंदांवर येते, आणि दोन्हीकडची चूक दहा हजारात तीन. मधल्या टेंगळामुळे मी रेघ ३ मिलिसेकंदांवर नेऊनही सगळं पुन्हा करते. उत्तर फार हललं तर फाइल संशयित.

या फाइलमध्ये १०५० बर्स्ट मिळाले. बर्स्टच्या आत ३० मायक्रोसेकंदांहून मोठ्या ४४० छोट्या फटी, त्यांची सरासरी ५० मायक्रोसेकंद. घाईत ५० हा टाऊ लिहून टाकू नका. घातांकी वितरणाला आठवण नसते. ३० मायक्रोसेकंद तगलेली फट तिथून पुढे सरासरी तेवढीच तगते, जेवढी सुरुवातीपासून तगली असती. म्हणून ५० वजा ३०, टाऊ २०.

एकूण फटींपैकी ३० च्या पुढे जाणारा वाटा: ई चा घात वजा १.५, म्हणजे ०.२२३. तेव्हा खऱ्या फटी ४४० ÷ ०.२२३, सुमारे १९७०. दिसलेल्या ४४०, न दिसलेल्या दीड हजारांहून जास्त. बर्स्टमागे १.८८.

एकूण उघडा वेळ ४.२३ सेकंद. दिसलेले उघडे तुकडे १०५० + ४४० = १४९०, त्यावरून सरासरी २.८ मिलिसेकंद. बघा, १० किलोहर्ट्झच्या चांगल्या रेकॉर्डिंगवरही आकडा दुप्पट येतो. खरे तुकडे १०५० + १९७० = ३०२०, आणि सरासरी १.४ मिलिसेकंद. अल्फा = सेकंदाला सुमारे ७१४.

आता दोन समीकरणं. टाऊ २० मायक्रोसेकंद म्हणजे बीटा + सुटण्याचा एकूण वेग = ५०,०००. बर्स्टमागे फटी १.८८ म्हणजे बीटा ÷ सुटण्याचा एकूण वेग = १.८८. सोडवलं की सुटण्याचा एकूण वेग १७,४०० च्या आसपास, एका रेणूचा त्याच्या निम्मा, ८,७००. आणि बीटा ३२,६००. १९८५ मध्ये कोल्हून आणि साकमान यांना बेडकाच्या स्नायूवर बीटा ३० हजारांच्या घरातच मिळाला होता. या कोल्हून यांचा उच्चार इंग्रजीत 'कहून' असा होतो. आमच्या वऱ्हाडात 'काहून' म्हणजे 'का'. हे कळल्यापासून मला त्यांचा प्रत्येक पेपर प्रश्न विचारतोय असंच वाटतं.

या हिशोबात एक पळवाट आहे. ३० मायक्रोसेकंदांहून लहान उघडे तुकडे हरवले नाहीत असं मी धरलं. उघडा काळ १.४ मिलिसेकंद असल्यामुळे ते दोनच टक्के आहेत, म्हणून चालतं. उघडा काळही लहान असलेल्या म्युटंटवर (जनुकात बदल झालेल्या रिसेप्टरवर) हे चालणार नाही. दोन्हीकडून हरवणाऱ्या घटनांचं अचूक गणित हॉक्स, जलाली आणि कोल्हून यांनी १९९० च्या सुमारास केलं. एचजेसीफिट हा प्रोग्राम त्याच गणितावर चालतो. क्यूब या दुसऱ्या प्रोग्राममध्येही हरवलेल्या घटनांची दुरुस्ती आहे. त्यांना यंत्रणा, मुक्कामांची यादी आणि रिझोल्यूशन द्यायचं, ते सगळे वेग एकदम काढतात. ॲसिटिलकोलीनच्या वेगवेगळ्या प्रमाणाच्या फाइली एकत्र बसवल्या तर रेणू चिकटण्याचा वेगही मिळतो. यंत्रणेत वर्तुळ असेल तर एका दिशेने जाणाऱ्या वेगांचा गुणाकार उलट दिशेच्या गुणाकाराइतका राहील असं बंधन घाला. आणि सुरुवातीचे अंदाज दहापटीने इकडेतिकडे करून निदान पाच वेळा चालवा. दर वेळी वेगळं उत्तर आलं, तर तुमचा डेटा तो वेग ठरवू शकत नाही, प्रोग्रामने दिलेला आकडा कितीही दशांशांपर्यंत असो. पण हाताचा हिशोब केल्याशिवाय मी कुणाला त्या प्रोग्रामला हात लावू देत नाही.

एवढी उठाठेव कशासाठी, तर स्लो-चॅनल सिंड्रोमसाठी. त्या आजारात बर्स्ट लांबतात आणि स्नायू हळूहळू खराब होतात. रिसेप्टरच्या अल्फा उपघटकात (हा अल्फा म्हणजे मिटण्याचा वेग नव्हे, प्रथिनाचा एक भाग) १५३ व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरीन आलं, तर ॲसिटिलकोलीन सुटायला वेळ लागतो आणि चॅनल पुन्हा पुन्हा उघडत राहतो. दुसऱ्या काही म्युटेशनमध्ये उघडलेला चॅनल मिटायलाच वेळ घेतो. रोग एकाच नावाचा, बिघाड दोन वेगळ्या जागी. २ किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून दोन्ही सारखेच दिसतात: लांब उघडं दार. माझ्या पहिल्या वर्षाच्या आलेखावरून मी दोघांना एकाच खोक्यात टाकलं असतं.

शेवटची तपासणी मी उलट बाजूने करते. काढलेले वेग घेऊन कॉम्प्युटरवर खोटी ट्रेस तयार करायची, तिच्यात माझ्याच रिगचा नॉइज मिसळायचा, त्याच फिल्टरमधून काढायची, त्याच उंबरठ्याने मोजायची आणि खऱ्या आलेखावर ठेवायची. डावीकडची कापलेली टेकडी जुळली तर मी फाइल बंद करते. नाही जुळली तर नव्वद टक्के वेळा चूक बेसलाइनमध्ये सापडते, यंत्रणेत नाही.

आणि फाइलच्या नावातच कटऑफ, रिझोल्यूशन आणि बर्स्टची रेघ लिहा. "फायनल_नवी_२" असल्या नावाची फाइल माझ्याकडे आणलीत, तर मी ती उघडण्याआधी तोच प्रश्न विचारणार आहे.